माझ्या आईवर तिचा लेख

३ फेब्रुवारी, चामोर्शी

आले एकदाची. वर्ध्यापासून तीनदा बस बदलली, शेवटच्या बसमध्ये शेजारच्या बाईंच्या पिशवीतल्या कोंबडीने माझी ओढणी मनसोक्त टोचली, सूरजागडच्या लोखंडी दगडाच्या ट्रकांनी रस्त्याकडेची झाडं तांबडी करून ठेवलेली पाहिली, आणि तरी मी आज भलतीच खुशीत आहे. शिकवणीवर्गात पोरांकडून समास सोडवून घेण्यात दोन वर्षं घालवल्यावर मला लिहिण्याची नोकरी मिळाली आहे. पगार यथातथाच, पण नोकरी लिहिण्याची.

लेखांच्या वेबसाइटींची ही कचेरी म्हणजे खताच्या दुकानावरची एक खोली. दुकानही मालकांचंच, गुणवंतरावांचं. खाली युरिया आणि वर साहित्य, असं मी आईला फोनवर सांगितलं तर ती तोंडातल्या टाचण्या सांभाळत हसली. ती वर्ध्याला ब्लाउज शिवते, त्यामुळे तिच्याशी अर्धं बोलणं मशीनच्या खडखडाटावरून करावं लागतं. बाबा मी लहान असतानाच गेले. घरात आम्ही दोघीच. रोज संध्याकाळी फोन करायचा, या बोलीवर तिने मला सोडलं आहे.

राहायची खोली धुरपताबाईंकडे मिळाली. बाई एकट्याच असतात, धानाची थोडी शेती ठेक्याने देतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवायला बसवतात. मला पाहून म्हणाल्या, "एवढीशी तं हायेस. लिहिशीन कायच्या भरोशावर?" आणि लाखोळीच्या डाळीचं वरण भाताबाहेर सांडेस्तोवर वाढलं.

५ फेब्रुवारी

कामाची तऱ्हा समजली. जुनी साप्ताहिकं, इतरांच्या वेबसाइटी, वाचकांनी पाठवलेली पानं, असं कुठूनही लेख घ्यायचे आणि आपल्या शब्दांत असे लिहायचे की ते नवे कोरे वाटावेत. याला इथे 'पलटी' म्हणतात. गावांची नावं आणि आकडे तेवढे तसेच ठेवायचे, बाकी सगळं बदलायचं. झालं की संगणकावरच्या एका तपासणी यंत्रात टाकायचं, ते सांगतं लेख किती टक्के नवा आहे. गुणवंतराव म्हणाले, "कोनाचं उचललं हे कोनाले समजलं नाई पाह्यजे. ज्याचं उचललं त्याले बी नाई." आणि स्वतःच्या वाक्यावर खूश होऊन पान लावायला गेले.

इथे आणखी एक जण आहे, रंजीता. माझ्यापेक्षा थोडी मोठी, किडकिडीत, हळू बोलणारी. घोट गावात मामाकडे वाढली, आई तिच्या जन्मावेळीच गेली, एवढं गुणवंतरावांकडून कळलं. ती स्वतःहून काही सांगत नाही. विचारते मात्र खूप, आणि ऐकते तेव्हा मान खाली घालून हं, हं करत राहते. मला आधी बरं वाटलं. मग गुणवंतरावांनी तिचा लेख मोठ्याने वाचून दाखवला, जुन्या मालगुजारी तलावावरच्या करकोच्यांबद्दल, कुठल्याशा सरकारी माहितीपत्रकावरून पलटवलेला. ऐकताना पायाला चिखल लागल्यासारखं झालं. मग माझा वाचला. वाचून म्हणाले, "शब्द बराबर हायेत म्याडम. पन जीव नाई. इच्या लेखात जीव रायते."

पहिल्याच आठवड्यात एवढं कोणी बोलतं का? मी हसून मान डोलावली. पोटात मात्र दुखायला लागलं ते लागलंच.

१४ फेब्रुवारी

आमच्यात अदलाबदलीची रीत आहे. गुणवंतरावांच्या वेबसाइटी दोन, माणसं दोन. मी एकीसाठी लिहिलेलं रंजीता पलटवून दुसरीवर टाकते, तिचं मी पलटवते. एकाच गाईचं दोनदा दूध काढायचा प्रकार.

मी आठवडी बाजारावर लिहिलं होतं. मी मातीचा तवा घेतला तेव्हा कुंभारणीने तो कसा बोटाने वाजवून दाखवला, आणि माझ्या हाताने वाजवला तर कसा बद्द वाजला, वगैरे. मला बरा वाटला होता. आज तिची पलटी वाचली. तोच बाजार, तोच तवा, शब्द सगळे दुसरे, आणि 'मी' म्हणजे ती. वाचताना मला वाटलं की तवा तिनेच घेतला आणि मी मागे उभी राहून बघत होते. यंत्राने तिला शंभर टक्के दिले. मला ते नेहमी अठ्ठ्याऐंशीच्या आसपास लटकवतं.

उलट तिचे लेख माझ्या हातात आले की मरतात. कुठेतरी एक धागा ती ओढून घेते असं वाटतं, म्हणजे वाचताना सगळं असतं आणि लिहायला बसलं की मधलंच काहीतरी नसतं.

आज बाजारात गेले तर कुंभारीण कुठे बसते तेच आठवेना. दोन चकरा मारल्या. ऊन फार आहे.

२ मार्च

सिरोंच्याच्या लच्छू गुरुजींनी हाताने लिहिलेली पानं पाठवली आहेत. निवृत्त शिक्षक. लहानपणी वडिलांबरोबर गोदावरीत डोंग्यातून मासे धरायला जात, वडील जाळं फेकताना यांना टोकाला बसवत आणि हललास तर तेलुगूत दटावत, त्याची आठवण. मीच ती टंकून घेतली. भाषा साधी, पण काही म्हणजे काही मागे ठेवलेलं नाही, वडिलांच्या घामाचा वाससुद्धा लिहिला आहे.

पलटीसाठी गुणवंतरावांनी ती रंजीताला दिली. मी मागितली होती. मी मागितलेली ऐकूनही तिला दिली.

१९ मार्च

तिने मुलाची मुलगी केली आणि वडिलांचा मामा. लेख मोबाइलवरून पार अहेरी, राजुऱ्यापर्यंत फिरला. आज खुद्द लच्छू गुरुजी लग्नाच्या निमित्ताने इकडे आले होते, ते जिना चढून वर आले. मला वाटलं भांडणार. चोरी पकडली गेली म्हणून मला, खरं सांगायचं तर, उकळ्या फुटल्या.

गुरुजींनी रंजीतासमोर हात जोडले. तिच्याइतकं सुंदर गोदावरीवर कोणी लिहिलं नाही म्हणाले. "जनम नदीकाठी गेला बाई, पन मले पान्याचा लई भेव. डोंग्यात कदी पाय नाई ठेवला. तुमचं वाचलं अन् वाटलं, आपुन बी जायाले पाह्यजे होतं." मी म्हटलं, गुरुजी, ही तर तुमचीच आठवण, तुम्हीच पाठवलेली. ते माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागले, जणू मीच त्यांची थट्टा करते आहे. मी त्यांची पानं दाखवली. अक्षर माझंच दिसते, म्हणाले, पण शाळेत कोणाचं काही उतरवून घेतलं असेल. वडिलांबद्दल विचारलं तर म्हणाले, होते, असतीनच.

ते गेल्यावर गुणवंतराव म्हणाले की वय झालं.  रंजीता खिडकीशी उभी राहून गुणगुणत होती. तेलुगू होतं.

मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो संताप. माझ्या लेखाला कोणी कधी हात जोडले नाहीत.

२३ मार्च

मोहाची फुलं पडायला लागली आहेत. आज रविवार म्हणून धुरपताबाई सकाळी मला सोबत घेऊन गेल्या. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जागा स्वच्छ केलेली, त्यावर पिवळट फुलं पडलेली, आणि आम्ही दोघी टोपल्या घेऊन वाकलेल्या. मी सगळी वेचायला निघाले तर त्यांनी हात धरला. थोडी ठेवायची, म्हणाल्या. झाडाची ती झाडाला.

वेचता वेचता मी रंजीताबद्दल बोलून घेतलं. मनातली सगळी जळजळ बाहेर काढली. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "आपली गोष्ट सप्पा नाई सांगाव, पोरी. थोडीशी पदरात ठिवाव. सप्पा देली त घेनाराची होते." सप्पा म्हणजे सगळी. इकडे म्हणे म्हातारी माणसं स्वतःचं काही सांगताना एक काहीतरी मुद्दाम गाळतात. नवऱ्याची गोष्ट सांगतील पण त्याचं शेवटचं बोलणं सांगणार नाहीत. मी म्हटलं, अर्धवट लेखाला कोण विचारतं बाई? त्यांनी टोपली डोक्यावर घेतली.

७ एप्रिल

गुणवंतरावांना आता आठवणींची चटक लागली आहे. वाचकांना 'मी'चे लेख आवडतात, करकोचे कोणी वाचत नाही. तेव्हा मी माझ्या पहिल्या सायकलीवर लिहिलं. नवव्या वर्षी उतारावर पडले आणि हनुवटी फाटली, आईने मशीनवर टाकलेलं कुणाचं तरी ब्लाउजपीस तसंच उचलून जखमेला दाबलं आणि नंतर त्या गिऱ्हाइकाला नवं आणून दिलं, ते सगळं. हनुवटीवर खूण अजून आहे. हा माझा आजवरचा चांगला लेख. गुणवंतराव "जमते म्याडम, जमते" म्हणाले. दिवसभर तरंगत होते.

पलटीला रंजीताकडे गेला आहे. जाऊ दे. याच्यावर ती काय करणार?

१२ एप्रिल

केलं. तिने केलं. तिच्या लेखात हनुवटी फाटल्याचा आवाज आहे. मला तो आवाज सुचला नव्हता.

आणि आज ती समोर बसून चहा पीत होती, पेला दोन्ही हातांनी धरून, आणि तिच्या हनुवटीवर खूण आहे. माझ्यासारखी, डाव्या बाजूला, नखाएवढी. माझं डोकंच फिरलं. लेख चोरला इथवर ठीक, पोटासाठी सगळेच करतो, पण माणसाने काजळाने खूणसुद्धा रंगवून यावं? मी सरळ बोट पुढे करून पुसून पाहिली. ती हलली नाही. म्हणाली, दुखत नाही आता.

खूण पुसली गेली नाही.

१३ एप्रिल

धुरपताबाईंचा आरसा अंगणात नेऊन भर उन्हात पाहिलं. माझी हनुवटी स्वच्छ आहे.

खुणा वयाने जातात. आईला विचारलं संध्याकाळी. ती म्हणाली, तू कधी सायकल शिकलीस गं?

२८ एप्रिल

पंधरा दिवस इथे काही लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर घाबरले आहे हे कबूल करावं लागलं असतं. मी स्वतःला समजावलं आहे. आई दिवसभर मान मोडून शिवते, तिला काय काय लक्षात राहणार? माझं रक्त चांगलं म्हणून खूण गेली.

आज गुणवंतरावांनी जाहीर केलं की मातृदिनाला आईवर लेख हवेत, आणि ज्याचा लेख सगळ्यात जास्त वाचला जाईल त्याचं नाव आणि फोटो दोन्ही वेबसाइटींच्या माथ्यावर, संपादक म्हणून. मग रंजीताकडे पाहून जरा चाचरले, की तुले कसं जमन वं. ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, मी दिव्यानीचाच पलटवीन.

तेवढ्यात ठरलं माझं. तिच्याकडे आई नाही. या एका बाबतीत ती माझ्या पासंगालाही पुरायची नाही. इतका चांगला लेख लिहीन की त्याची पलटी कोणाच्या बापाला जमणार नाही. धुरपताबाईंनी भात वाढताना पुन्हा तेच सांगितलं. मी ताट सरकवून उठले.

८ मे

लेख आला. सगळं दिलं त्याला, काही म्हणता काही राखलं नाही. आई सुईत दोरा ओवताना जीभ कशी बाहेर काढते. बाबा गेले त्या दिवशी दुपारी तिने लग्नाचे राहिलेले ब्लाउज शिवून पूर्ण केले आणि मग दार लावून घेतलं. मला ताप आला की पायाशी चिंध्यांच्या गोधडीवर घेऊन मशीन चालवायची, म्हणजे मला मशीनची लय लागून झोप यायची. तिच्या हातांना तेलाचा आणि कोऱ्या कापडाचा वास येतो. गणपतीसमोर ती काय मागते तेही लिहिलं, एकदा मी चोरून ऐकलं होतं.

गुणवंतराव वाचून खाली गेले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. आले तेव्हा डोळे लाल होते. लोकांचे फोन येत आहेत. माझा फोटो लागला आहे. यंत्र म्हणालं, शंभर.

रंजीताकडे मी दिवसभर वळून वळून पाहत होते. इतकं गोड आजवर काही लागलं नाही. ती मान खाली घालून वाचत होती. हं, करत होती. हं. हं.

११ मे, मातृदिन

तिची पलटी आली.

मी ती एकदा वाचली. मग जिन्यात जाऊन बसले. माझ्या आईचे हात माझ्या लेखात नुसते होते, तिच्या लेखात ते हलतात. आणि बाबा गेले त्या दिवशी दार लावून आई आत काय करत होती, ते मला कधीच कळलं नव्हतं. मी दाराबाहेर होते. रंजीताच्या लेखात ती आत आहे, आईच्या मांडीवर.

फोटो बदलला. तिचा लागला.

संध्याकाळी आईला फोन केला. मशीन चालू होती. कोण बोलतंय, असं तिने दोनदा विचारलं. मी रागावले. ती म्हणाली, आवाज ओळखू येत नाही बाई, नंबर चुकला असेल तुमचा. बाई म्हणाली. तुमचा म्हणाली.

१४ मे

आज आईने फोन उचललाच नाही. मी शेजारच्या काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, ती मजेत आहे की, कालच सांगत होती मुलगी चामोर्शीला मोठी लेखिका झाली म्हणून. मी म्हटलं, मग माझा फोन का नाही घेत?  काकू म्हणाल्या, तू कोण गं बोलतेस, रंजीताची मैत्रीण का?

दिवसभर काही खाल्लं नाही. धुरपताबाई दाराशी येऊन बसून आहेत. 

१७ मे

कचेरीच्या पत्त्यावर पार्सल आलं. वरचं अक्षर आईचं. कोऱ्या कापडात शिवून बंद केलेलं, ती तसंच करते. नाव रंजीताचं. तिने टाके एकेक करून उसवले, कापड फाडलं नाही. आत काडीवर वळून वाळवलेले सरगुंडे होते आणि एक ब्लाउज. तिने खाली गोदामात जाऊन तो घातला आणि वर आली.

बेतशीर बसला. माप न घेता. मी बघत उभी राहिले. गेली पंचवीस वर्षं माझ्या अंगाला बसत आलेली आईच्या हातची शिवण तिच्या अंगाला बसली होती आणि मला तिचा गळा धरावासा वाटला. गुणवंतराव म्हणाले, "नशीबवान हाय पोरगी, अशी माय भेटली." मी ओरडले, ती माझी आहे. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. गुणवंतरावांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, उन्हात फिरू नका म्हणाले.

१८ मे

पलटीची उलटी पलटी का नाही होणार? तिचा लेख समोर घेऊन बसले आहे. पुन्हा माझ्या शब्दांत लिहायचा, तिच्यापेक्षा चांगला, की आई परत माझी. कामच आहे हे माझं. याचेच पैसे घेते.

लिहिलं. माता. माउली. जननी. जन्मदात्री. तिचे कर, तिचे हस्त. वस्त्र शिवणारी ती स्त्री.

यंत्र म्हणतं शंभर टक्के नवा. त्यात कोणीच नाही.

पुन्हा लिहिते —

१९ मे

नाही होत. जीभ बाहेर काढते हे वाचलं म्हणून माहीत आहे, दिसत नाही. सुईत दोरा ओवताना — चेहरा कुठे आहे? पदर दिसतो, हात दिसतात, वर बघते तर —

एक आहे. एकच उरलं आहे. आई मला घरी ज्या नावाने हाक मारते ते. बाहेर कुणाला ठाऊक नाही, लेखात टाकायचं सुचलंच नाही. ते जिभेवर घेतलं की बाकीचं सगळं परत येतं, तिचा चेहरासुद्धा. इथेही लिहीत नाही. धुरपताबाईंना सांगितलं की एक राहिलं आहे. त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले. कोनालेच नको सांगू, म्हणाल्या, मले बी नको.

दिवसभर मनात म्हणत होते. आज झोप लागेल.

२० मे

रंजीताला जाब विचारला. शांतपणे, असं ठरवून गेले होते. ती भांडली नाही, उलट मला बसवून घेतलं, पंखा माझ्याकडे वळवला. म्हणाली, "मी काई चोरलं नाई वं. तुनंच तं देल्लं. सप्पा लिहून देल्लं, मांगं काईच नाई ठेवलं. लच्छू गुरुजीनं बी तसंच." मी म्हटलं, परत कर. ती म्हणाली की लहानपणी मामी दुसऱ्यांच्या पोरींच्या वेण्या घालताना ती दारात उभी राहायची, तिला आता परत दारात जायचं नाही. मग अगदी मायेने म्हणाली, "तुले तं लिहिता येते. तू दुसरी लिहून घे."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आईचा. तिने माझ्यासमोर घेतला. हो आई, जेवली, नाही गं, ऊन आहे. फोनमधून मशीन ऐकू येत होती. आई हसली. टाचण्या तोंडात धरून. ते हसू मला ऐकू आलं आणि माझा तिळपापड झाला, मला काही दिसेना, फक्त हिची जिरवायची होती, हिला दाखवायचं होतं की हिच्याकडे सगळं नाही —

मी म्हटलं, तुला ती काय म्हणून हाक मारते? रंजीता? मला काय म्हणते माहीत आहे?

आणि सांगितलं.

रंजीताने मान खाली घातली. हं, म्हणाली. मग ते नाव हळूच स्वतःच्या तोंडाने उच्चारून पाहिलं. माझ्यापेक्षा चांगलं.

२१ मे

ते नाव — दोन अक्षरी होतं. की तीन. लहान काहीतरी —

धुरपताबाई रडत आहेत. मी विचारलं, तुम्हाला सांगितलं होतं का मी ते? त्या नाही म्हणाल्या. तूनंच नाई सांगतलं, मीनंच नको म्हटलं.

फोनमध्ये 'आई' नावाने एक नंबर आहे. लावला. एक बाई बोलल्या, दुकान उद्या बंद आहे, मी मुलीकडे चालले आहे चामोर्शीला. मी म्हटलं बरं. आवाज छान होता त्यांचा.

कशासाठी लावला होता नंबर?

२२ मे

बाहेर एक बाई आल्या आहेत. रंजीताची आई, वर्ध्याहून. रंजीता त्यांना घेऊन खोली दाखवायला आली, धुरपताबाईंकडे आणखी एक खोली रिकामी आहे म्हणून. खिडकीतून दिसतात. खांद्याशी ब्लाउजला दोरा ओवलेली सुई टोचून ठेवली आहे, काढायची विसरल्या असतील. रंजीता विहिरीकडे गेली तर त्या हाक मारतात, "गुंजे, ओ गुंजे, उन्हात नको फिरू वं." गुंजे. किती गोड नाव. रंजीता पळत आली, त्यांनी तिच्या हनुवटीवरून बोट फिरवलं, तिथे कसलीशी खूण आहे.

मला इतका हेवा वाटला. एवढा कधी कुणाचा — मलाही कोणी असं — मला कोणी —

धुरपताबाई अंगणात मध्ये उभ्या राहून त्या बाईंना काहीतरी सांगत आहेत, माझ्या खिडकीकडे हात करून. बाई इकडे येतात. खिडकीशी आल्या. गजातून हात घालून माझ्या कपाळाला लावून पाहिला. हाताला तेलाचा वास आहे. म्हणाल्या, ताप हाय वं तुले. घरी कळवलं का? कोनाची तू?

सांगते म्हटलं. लिहिता लिहिता सांगते. मी दिव्यानी, मी वर्ध्याची, मी आमच्या —